कॅमेलिऑनच्या रेडीमेड किटचा दीड वर्षाचा अनुभव: जाळी उत्तम, बल्ब बदला, रंगांचं कार्ड बाजूला ठेवा

कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, घरी पाळण्यासाठीचं हे किट घेऊन आता दीड वर्ष झालं म्हणून मुद्दाम लिहायला बसले, कारण घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे खोका उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले, पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत, मुलं खूश, असे, आणि कॅमेलिऑन हा प्राणी असा आहे की त्याचं काही बिनसलंय हे कळायलाच आठवडे जातात. कंपनीचं नाव घेत नाही. अशाच धाटणीची किट्स बऱ्याच जणांची मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो, त्यामुळे वस्तूंबद्दलच बोलूया.

खोक्यात काय होतं ते आधी सांगते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमचं उभं जाळीचं केज, दोन फूट लांब दोन फूट रुंद आणि चार फूट उंच. एक बास्किंग बल्ब, म्हणजे अंग शेकायचा, डोमसकट. एक पिळाचा यूव्हीबी बल्ब, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा, घरातल्या सीएफएलसारखा दिसणारा. गोल काट्याचं थर्मामीटर, त्यातच ह्युमिडिटीचा काटा. प्लास्टिकची वेल, पाण्याचं भांडं, पाणी ठिबकवणारा ड्रिपर, कॅल्शियम पावडरची डबी. आणि एक लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर कॅमेलिऑनची सहा चित्रं आणि प्रत्येक रंगापुढे त्याचा मूड. हिरवा म्हणजे शांत, फिकट म्हणजे निवांत, चमकदार पिवळा-निळा म्हणजे आनंदी, तपकिरी-काळा म्हणजे रागावलेला, वगैरे. खरं सांगायचं तर हे कार्ड बघूनच मी बाकीच्या किट्सपेक्षा हे निवडलं होतं. आणि याच कार्डाने मला सगळ्यात जास्त फसवलं, म्हणून या रिव्ह्यूचा मोठा भाग रंगांवरच जाणार आहे. केजचं आणि बल्बचं कसं आहे, ते चांगलं की वाईट हे शेवटी प्राण्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं, फक्त ते वाचता यायला हवं.

माझा पाचू व्हेल्ड कॅमेलिऑन, नर. ही जात मूळची येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबियातली, डोक्यावर उंच तुरा, आणि नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर एक बारीक काट्यासारखा उंचवटा असतो तो अंड्यातून बाहेर आल्यापासूनच असतो, त्यामुळे नर-मादी ओळखायला वर्षभर थांबावं लागत नाही. माझ्याकडे आला तेव्हा चार महिन्यांचा होता, माणसांकडेच जन्मलेला, कागदपत्रं असलेला. जंगलातून पकडलेले घेऊच नका, बिचारे जंतांनी भरलेले आणि भेदरलेले असतात, शिवाय ही जात साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येते, तेव्हा कागद आणि आपण राहतो तिथला कायदा हे दोन्ही बघितल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

पहिल्याच आठवड्यात कार्डाने घोळ घातला. रोज सकाळी लाईट लागला की पाचू गडद तपकिरी, जवळजवळ काळा. कार्ड म्हणतं रागावलेला. मला वाटलं याला मी आवडत नाही, माझी चाहूल लागली की चिडतो. म्हणून मी केजवर तीन बाजूंनी चादर टाकायला लागले, खोलीत पाय न वाजवता फिरायचं, सकाळी त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आठ-दहा दिवस हे चाललं. मग एका रविवारी मी समोर न जाता लांब कोपऱ्यात खुर्ची टाकून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत बसले, आणि जे दिसलं ते अजून डोळ्यासमोर आहे. लाईट लागल्यावर तो हळूहळू वरच्या फांदीवर आला, बल्बकडे कूस केली, आणि सगळं अंग दाबल्यासारखं चपटं केलं, अगदी पानासारखं. बल्बकडची कूस कॉफीच्या बियांसारखी काळपट. मी वाकून दुसरी बाजू बघितली तर ती हिरवी! एकाच वेळी एकाच प्राण्याची एक बाजू काळी आणि एक हिरवी. राग असा एका कुशीत थोडाच येतो. गडद रंग ऊन लवकर शोषतो, रात्रभर थंड झालेलं अंग तापवायला त्याने तेवढीच बाजू गडद केली होती. वीस-पंचवीस मिनिटांनी तो वळला, दुसरी बाजू शेकली, आणि थोड्या वेळाने दोन्हीकडून पोपटी हिरवा होऊन खाली पाणी प्यायला निघाला.

त्याच दिवशी अजून एक दिसलं. शेकून झाल्यावर त्याच्या काळपट कुशीवर एक फिकट हिरवं पान उमटलेलं होतं. खरंच पान, देठासकट. मधे फांदीचं एक पान आलं होतं, त्याची सावली जिथे पडली तेवढी कातडी गडद झालीच नाही. तो हलल्यावरही दोन-तीन मिनिटं ते पान त्याच्या अंगावर होतं, मग विरघळत गेलं. म्हणजे कातडीला जिथल्या तिथे उजेड कळतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मग मूडचं कार्ड आपोआप मागे पडतं.

आपल्याकडे सरड्यासारखे रंग बदलतो असं म्हणतात ते नेहमी लबाडीच्या अर्थाने, आणि दुसरा समज म्हणजे हिरव्यावर ठेवला की हिरवा होतो, लाल कापडावर ठेवला की लाल. लोक घरी आले की पहिलं हेच करून बघायला सांगतात. तसं काही होत नाही. पानाफांद्यांत लपायला त्याचा मूळचा हिरवा-तपकिरी रंग पुरतो, रंग बदलायची जी कमाल आहे ती मुख्यतः एकमेकांशी बोलण्यासाठी. २००८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या बुटक्या कॅमेलिऑनवर झालेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं, ज्या जाती जास्त रंग बदलतात त्या एकमेकांना दिसतील असे ठळक इशारे करणाऱ्या निघाल्या, जास्त तऱ्हेच्या जागांत लपणाऱ्या नव्हे.

आणि रंग येतो कसा तेही वाचण्यासारखं आहे. जिनिव्हा विद्यापीठातल्या टीमने २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर कॅमेलिऑनवर काम केलं. कातडीतल्या काही पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने रचलेले असतात. प्राणी निवांत असतो तेव्हा ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परत फेकतात, त्यावर कातडीतलं पिवळं रंगद्रव्य असतं, दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. तो उत्तेजित झाला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि निळ्याऐवजी पिवळा, नारिंगी, लाल परत फिरतो. म्हणजे हिरवा रंग त्याच्या अंगात कुठे भरून ठेवलेला नाही, तो जुळून येतो. त्याखाली अजून एक थर असतो मोठ्या स्फटिकांचा, तो उन्हातला उष्णतेचा भाग परतवायला उपयोगी पडत असावा असं त्यांचं म्हणणं. गडदपणा मात्र वेगळा, तो मेलॅनिनचा, काळे कण पेशीच्या फांद्यांमध्ये पसरले की अंग गडद आणि मधे गोळा झाले की उजळ. हे कळल्यापासून मी दोन प्रश्न वेगळे विचारते, एक गडद आहे की उजळ, आणि दुसरा नक्षी शांत आहे की पेटलेली. नुसत्या एका रंगाच्या नावावरून मूड सांगणारं कार्ड इथेच चुकतं.

आता दुसरा घोळ, आणि याचं मला जास्त वाईट वाटतं. पाचू आठ महिन्यांचा झाला तेव्हा मी खोली लावताना केज हलवलं आणि काचेच्या दारांच्या कपाटासमोर आणलं. दोन दिवसांत त्याचे रंग असे काही खुलले की काय सांगू. अंगावर झगझगीत पिवळे पट्टे, मधे निळसर हिरवं, तुऱ्याच्या कडेला फिरोजी, गळ्याखालची पिशवी फुगवलेली. कार्ड म्हणतं आनंदी. मी फोटो काढले, सगळ्यांना पाठवले, जो तो विचारायचा काय खायला घालतेस. चार दिवस मी या आनंदात होते. पाचव्या दिवशी लक्षात आलं की तो खात नाहीये, किडे समोरून चालत जातात आणि हा दिवसभर एकाच बाजूच्या जाळीला चिकटून, अंग चपटं करून, झोके घेत असतो. मी केजच्या मागे जाऊन त्याच्या नजरेच्या रेषेत डोळा नेला, तर समोर कपाटाच्या काचेत दुसरा पाचू उभा. हा चार दिवस दुसऱ्या नराशी भांडत होता, आणि तो नर हटत नव्हता, कसा हटणार.

नंतर वाचलं की २०१३ मध्ये व्हेल्ड नरांच्याच भांडणांवर संशोधन झालंय, कॅमेऱ्याने रंग मोजून. ज्याच्या अंगावरचे पट्टे जास्त उजळ होतात तो पुढे चाल करून जाण्याची शक्यता जास्त, आणि ज्याचं डोकं जास्त उजळ आणि लवकर उजळ होतं तो जिंकण्याची. पट्टे एक बोलतात, डोकं दुसरं बोलतं. आणि हरलेला गडद पडतो, म्हणजे बाबा सोड मला. माझ्या पाचूचे ते सुंदर फोटो म्हणजे त्याच्या आयुष्यातले सगळ्यात ताणाचे चार दिवस होते. कपाटावर कापड टाकलं, तासाभरात पट्टे मावळले, दुसऱ्या दिवशी त्याने खाल्लं. ज्यांना वाटतं की एकटा कंटाळत असेल म्हणून जोडीला दुसरा आणावा, त्यांनी कृपा करून आणू नये. कॅमेलिऑन एकटाच राहतो, एका केजमध्ये एकच, आणि दोन केज असतील तर मधे पडदा.

तिसरी गोष्ट बल्बची. इथे मी किटला एकही स्टार देणार नाही. साधारण दहाव्या महिन्यात पाचू दिवसभर गडद राहायला लागला. सकाळचा गडदपणा मला आता कळत होता, पण हा शेकून झाल्यावरही जाईना. दुपारी बारा वाजता डोळे मिटलेले. कॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसला तर ती झोप नसते, आजार असतो, हे मला तेव्हाही ऐकून माहीत होतं. किडा समोर आला की जीभ बाहेर यायची पण अर्ध्यातच पडायची, मग तो नुसता बघत राहायचा. फांदी धरताना पुढचा पाय थरथरायचा. पोटात गोळा आला माझ्या. सरपटणाऱ्या प्राण्यांचं बघणारे एक डॉक्टर शोधले आणि दादाला सोबत घेऊन पाचूला तिकडे नेलं.

मी सांगायला सुरुवात केली, "डॉक्टर, हा दोन दिवस काळा पडलाय, आणि जीभ..." त्यांनी मला मधेच थांबवलं, "आधी लाईट कुठला लावलाय ते सांगा."

मी मोबाईलमधला फोटो दाखवला. त्यांनी पिळाच्या बल्बवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा बदलला कधी?" मी म्हटलं चालू आहे ना, कशाला बदलायचा. तेव्हा ते जे बोलले ते प्रत्येक किटवर मोठ्या अक्षरात छापायला हवं. यूव्हीबी डोळ्यांना दिसत नाही. बल्ब लख्ख पेटलेला असतो आणि त्यातला यूव्हीबी कधीच उतरलेला असतो. त्यात हा पिळाचा प्रकार एका छोट्या ठिकाणी टाकतो, तोही फार खोल जात नाही, वरून जाळी त्यातला बराचसा खाते. एक्स-रेमध्ये हाडं पातळ दिसत होती. मेटाबॉलिक बोन डिसीजची सुरुवात. कातडीवर यूव्हीबी पडल्याशिवाय अंगात व्हिटॅमिन डी३ तयार होत नाही, आणि डी३ शिवाय कॅल्शियम कितीही खाऊ घाला ते नीट शोषलं जात नाही, मग शरीर हाडांतूनच कॅल्शियम काढायला लागतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, जीभ फेकायची ताकद जाते. पाचूचे पाय वाकलेले नव्हते एवढंच नशीब.

त्याच संध्याकाळी यूव्हीबीची सरळ लांब टी५ (बारीक जाडीची) ट्यूब आणली, सहा टक्के यूव्हीबीवाली, रिफ्लेक्टरसकट, केजच्या पूर्ण रुंदीवर. एका ओळखीच्यांकडून यूव्ही इंडेक्सचा, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता मोजणारा, मीटर मागून आणला आणि फांदीवर धरला, जुन्या बल्बखाली आकडा १ पण होत नव्हता, नव्या ट्यूबखाली जाळीतून साधारण २२ सेंटिमीटरवर ३ च्या आसपास. शेकायच्या जागी ३ असावा असंच सांगतात. ज्यांना वाटतं खिडकीतून ऊन येतंय ना, त्यांच्यासाठी: खिडकीची काच यूव्हीबी अडवते, काचेतून आलेलं ऊन फक्त गरम करतं. आणि ट्यूब पेटत असली तरी वर्षाने बदलायची.

डॉक्टरांनी औषध म्हणून कॅल्शियमही दिलं, आणि पूर्ववत व्हायला जवळपास दोन महिने लागले. पण मला सगळ्यात आधी हायसं वाटलं ते रंगामुळे, ट्यूब लावल्यावर साधारण दहाव्या दिवशी दुपारी तो हिरवा दिसला. नुसता साधा पोपटी, एकही झगझगीत पट्टा नाही. त्या दिवशी मी त्याच्याकडे किती वेळ बघत बसले मलाच माहीत नाही.

थर्मामीटरबद्दल पण चीड आहे. तो काटा केजच्या भिंतीला चिकटवायचा, तिथे तो २८ दाखवायचा, मी निश्चिंत. मधल्या काळात दुपारी पाचू फिकट पडून तोंड उघडं टाकून बसायचा, दादा म्हणायचा अगं बघ हसतोय, आणि कार्डावरही फिकट म्हणजे निवांतच लिहिलेलं. वायरवाला डिजिटल प्रोब आणून जिथे त्याचा तुरा पोचतो तिथे बांधला तर ३७! फिकट रंग आणि उघडं तोंड म्हणजे अंग जास्त तापलंय आणि तो उष्णता टाकायचा प्रयत्न करतोय. मोठ्या व्हेल्ड नराला शेकायच्या जागी २९-३० अंश पुरतात, पिल्लांना आणि मादीला त्याहून कमी. बल्ब फार जवळ असला की तुऱ्याचं टोक आणि पाठ भाजते आणि हे प्राणी भाजत असताना पटकन बाजूला होत नाहीत, त्यामुळे डोम जाळीवर सरळ ठेवायचा नाही, वर उचलून टांगायचा. रात्री मात्र सगळे लाईट बंद, लाल बल्ब वगैरे काही नको, खोली १८-२० पर्यंत उतरली तरी त्याला ती थंडी हवीच असते.

आता किटमधलं जे चांगलं आहे ते सांगते, कारण सगळंच वाईट नाही. केज खरंच उत्तम. फ्रेम मजबूत, जाळीचे काठ आत वळवलेले त्यामुळे नखं अडकत नाहीत, खालचं दार वेगळं उघडतं म्हणजे साफ करताना त्याला त्रास नाही. उंची चार फूट आहे हे फार महत्त्वाचं, कॅमेलिऑन आपल्यापेक्षा वर बसला की शांत असतो, केज जमिनीवर ठेवलं आणि माणसं वरून डोकावली की घाबरून गडद पडतो. मी टेबलावर ठेवल्यावर त्याचा हा सततचा धसका निम्म्याने कमी झाला.

ड्रिपर तर पाच पैकी पाच. आणि त्याच खोक्यातलं पाण्याचं भांडं शून्य, कारण साठलेलं पाणी कॅमेलिऑनला सहसा पाणी म्हणून कळतच नाही. हलणारा, चमकणारा थेंब लागतो. ड्रिपर वर ठेवला, थेंब पानावर पडून पुढच्या टोकाशी लोंबायला लागला की पाचूचा एक डोळा तिकडे वळतो, दुसरा डोळा माझ्यावरच असतो, मग दोन्ही डोळे थेंबावर येतात आणि तो मान लांब करून पानाची कड चाटतो, प्रत्येक घोटाला गळा हलताना दिसतो. पाणी पुरतंय का हे शीवरून कळतं, तिच्याबरोबर येणारा लघवीचा भाग पांढरा असला तर ठीक, पिवळा-नारिंगी आला किंवा डोळे खोल गेले तर पाणी कमी पडतंय. मी आता पहाटे लाईट लागायच्या आधी आणि रात्री लाईट गेल्यावर दोन-दोन मिनिटं बारीक फवारा टायमरवर लावलाय, दिवसा केज सुकू द्यायचं. दिवसभर ओलं ठेवलं आणि हवा खेळली नाही की श्वासाचे आजार होतात.

प्लास्टिकची वेल काढून टाका, पहिल्याच दिवशी. व्हेल्ड कॅमेलिऑन पानं खातात, आणि त्यांना खरं-खोटं कळत नाही, पाचूने एका पानाचा कोपरा तोडून तोंडात घेतलेला मी वेळेत बघितला, पोटात गेला असता तर आतडं अडकलं असतं. त्याऐवजी मनी प्लांट, जास्वंद, शेफ्लेरा, फायकस, जे फवारणी न केलेलं मिळेल ते कुंडीसकट आत ठेवा, आणि दाट ठेवा. झाडं घातल्यावर पहिल्या आठवड्यात तो दिसेनासाच झाला, शोधावा लागायचा, आणि मला कळलं की लपायला जागा आहे म्हणूनच तो आता दिवसभर हिरवा आहे.

पावडरीच्या डबीवर लिहिलंय रोज वापरा, पण त्यात डी३ आहे. चांगली ट्यूब लावल्यावर वर रोज डी३ दिलं तर ते जास्त होतं, त्याचाही त्रास असतो. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असं की साधी डी३ नसलेली कॅल्शियम पावडर प्रत्येक खाण्यावर हलकी भुरभुरायची, आणि डी३ व मल्टिव्हिटॅमिनवाली महिन्यातून दोनदाच. किड्यांनाही आधी पालेभाजी, गाजर वगैरे चांगलं खाऊ घालायचं, उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. आणि रात्री केजमध्ये क्रिकेट किडे मोकळे ठेवायचे नाहीत, झोपलेल्या कॅमेलिऑनला ते चावतात.

कार्डावर मादीचं तर एकही चित्र नाही, आणि तिथेच रंग समजला नाही तर जीव जातो. माझ्या मैत्रिणीकडे व्हेल्ड मादी आहे. एक दिवस ती गडद हिरवी-काळी झाली, अंगावर पिवळे आणि निळे ठिपके, केजच्या तळाशी जाऊन माती उकरायला लागली. कार्डाप्रमाणे ती रागावलेली. खरं म्हणजे तिच्या पोटात अंडी होती, नर जन्मात बघितलेला नसतानाही मादी अंडी धरते आणि ती घालायला खोल ओलसर वाळूचा डबा मिळाला नाही तर अंडी आत अडकतात. मैत्रिणीने फोन केला, आम्ही धावतपळत फूटभर खोल बादली भरून आत ठेवली, वाळू एवढी ओली की बोगदा खणला तर ढासळायला नको, आणि केजला चहूबाजूंनी कापड. तिसऱ्या दिवशी अंडी झाली. मादी घेणार असाल तर हा डबा पहिल्यापासून आत असू द्या.

दोन रंग घाबरवतात पण घाबरायचं नसतं. एक कात टाकायच्या आधीचा, सगळं अंग मळकट राखाडी, कागद चिकटवल्यासारखं, मग तुकड्या-तुकड्याने निघतं आणि खाली ताजा हिरवा. दुसरा झोपेतला, रात्री चुकून उजेड पडला तर पाचू फांदीच्या टोकाला शेपटीची गुंडाळी करून इतका फिकट दिसतो की पहिल्यांदा मला वाटलं गेलाच.

कार्डाऐवजी आता केजजवळ एक वही आहे. वेळ, कुठल्या फांदीवर, गडद की उजळ, नक्षी शांत की पेटलेली, डोळे उघडे की मिटलेले. एवढंच लिहिते. माझा हात आत गेला की तो गडद होतो, ठिपके येतात, हात बाहेर आला की पाच मिनिटांत जातात, म्हणून मी त्याला उगाच हातात घेत नाही, किडा चिमट्याने देते आणि मागे सरते. हल्ली चिमटा बघून तो हिरवाच राहतो आणि स्वतःहून एक फांदी पुढे येतो.

कंपनीला कार्डाबद्दल आणि बल्बबद्दल मी दोनदा सविस्तर लिहिलं. पहिल्यांदा उत्तर आलं की तुमचा अभिप्राय पुढे पाठवलाय, दुसऱ्यांदा काहीच नाही. त्यामुळे माझं म्हणणं असं की नुसतं केज आणि ड्रिपर सुटे मिळत असतील तर तेच घ्या, पूर्ण किट घेऊ नका, कारण वाचलेले पैसे ट्यूबला आणि प्रोबला लागणार आहेतच. किटला पाचपैकी अडीच, त्यातले दोन केजचे आणि अर्धा ड्रिपरचा. नव्या ट्यूबच्या टोकाला मी मार्करने लावल्याची तारीख लिहून ठेवलीय, अजून चार महिन्यांनी ती बदलायची आहे, पेटत असली तरी.